लाकडाचा वास आणि सुताराचे नाक



कामगार संघटनेच्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलाविले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि कायदेकानू यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा आम्ही 'लाकडाचा वास' असे सांगितले. त्यांना वाटले, आपणांस नीट ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, आम्ही पुन्हा तेच सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा सुरू केली तेव्हापासून या व्यासपीठांवरून वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत पुष्कळ बोलून झाले आहे. आज सुताराच्या नाकाची पाळी आहे.

समोरच्या टेबलावर नऊ पुड्या ठेवल्या आहेत. त्यांतील आठ आता आपण पहिल्या रांगेपासून मागे फिरवू. नववी टेबलावरच राहील, तिच्याविषयी पुढे सांगू. पुडी उघडा, ढलपी नखाने जराशी खरवडा आणि हुंगा. लाजू नका. आमच्या धंद्यात लाकूड हुंगणाऱ्याला कोणी हसत नाही, न हुंगता विकत घेणाऱ्याला मात्र हसतात.

लाकडाचा सुवास म्हटला की आपल्यासारख्या सुशिक्षित मंडळींच्या डोळ्यांपुढे चंदन येते. चंदन आम्ही आणलेले नाही. ते महाग आहे हे एक कारण, आणि सुताराच्या आयुष्यात त्याचे स्थान फारसे नाही हे दुसरे. चंदन देवळात, सहाणेवर आणि अत्तरवाल्याकडे. आमच्या उपनगरांतल्या सुतारांपैकी चंदनावर रंधा चालविलेला माणूस विरळाच. त्याचे नाक तयार होते ते सागावर.

आम्ही पंधराव्या वर्षी जोगेश्वरीच्या एका फर्निचरच्या कारखान्यात भुसा भरायला लागलो. शाळा तिथेच सुटली. पुढे जे काही वाचले ते रात्री, वाचनालयाचे दार बंद होईपर्यंत. त्या कारखान्यातल्या मोठ्या मिस्त्रींनी पहिल्या आठवड्यात आमच्या हातात हत्यार दिलेच नाही. वखारीतून माल आला की ते वाकसाने एक ढलपी उडवायचे, तिच्यावर तोंडाची वाफ सोडायचे आणि आमच्या नाकाशी धरायचे. "सांग, काय आहे?" आम्ही सांगायचो, "साग." "कसला साग?" यावर आमच्यापाशी उत्तर नसे. मिस्त्री म्हणायचे, "पोरा, रंग लावता येतो, वजन पाणी मारून वाढवता येते, वास मात्र लावता येत नाही." वखारवाला कच्चा माल पक्का म्हणून आणि मलेशियाचे भलतेच तांबडे लाकूड साग म्हणून गळ्यात मारायचा, तेव्हा त्याला पकडणारे यंत्र एकच होते आणि ते मिस्त्रींच्या चेहऱ्याच्या मध्यभागी होते.

पहिली पुडी लागवडीच्या सागाची आहे, दुसरी जुन्या ब्रह्मी सागाची. दोन्ही लागोपाठ हुंगून पाहा. चांगल्या सागाला नव्या जोड्याच्या चामड्यासारखा वास येतो आणि मागे थोडा तेलकटपणा राहतो. त्या तेलकट द्रव्यांत टेक्टोक्विनोन नावाचा एक पदार्थ असतो. वाळवी सागापासून दूर राहते ती यांच्याचमुळे. म्हणजे आपल्याला जो वास गोड लागतो तो झाडाच्या लेखी संरक्षणाचे हत्यार आहे. लवकर वाढवून लवकर तोडलेल्या झाडात गाभा थोडा आणि बाहेरचे पांढरे लाकूड फार, म्हणून पहिल्या पुडीचा वास दुसरीपुढे फिका वाटेल. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरायला जाणाऱ्यांनी साग उभा पाहिलेला असतो. त्याचे कोवळे पान चुरडले तर बोटे लाल होतात, पण बुंध्याला नाक लावून काही मिळत नाही. लाकूड बोलते ते कापल्यावर.

आणि ते किती वर्षांनी बोलेल याला काही हिशेब नाही. दुसऱ्या पुडीतली ढलपी लालबागकडच्या एका पाडलेल्या चाळीच्या चौकटीची आहे. अशा पाडकामाचे लाकूड पुष्कळदा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात येते. वरून पाहिले तर काळे पडलेले, खिळ्यांच्या भोकांनी भरलेले, तेलाच्या दिव्याची काजळी आणि दहा रंगांचे थर बसलेले. पण रंधा दोनदा फिरवा. तिसऱ्या वेळी जो वास सुटतो तो नव्या लाकडाला लाजवील असा असतो. चौकट मेलेली नसते, ती फक्त वरून मिटलेली असते.

तो वास आमच्या मुंबईत आला कसा, हे सांगण्यासारखे आहे. त्याआधी मलबारचा साग होताच. वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत त्याची जहाजे बांधली. १८१७ साली पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे त्यांचे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे. पुढे ब्रह्मदेशचा साग येऊ लागला. १८६३ साली मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि तिने ब्रह्मदेशच्या जंगलांचे मक्ते घेतले. ओंडके नेले जास्त आणि पैसे भरले कमी, असे म्हणून तिथल्या दरबाराने कंपनीला जबर दंड ठोठावला. इंग्रजांनी ते निमित्त केले आणि १८८५ साली लढाई करून राज्यच खालसा केले. थिबा राजाला आणून ठेवले ते आमच्या रत्नागिरीत. १९१६ साली तो तिथेच वारला. रत्नागिरीकडचा माणूस थिबा राजाचा वाडा मुलांना दाखवायला नेतो, आणि मुंबईत त्याच्या आजोबांच्या चाळीची दारे कदाचित त्याच राजाच्या जंगलातली असतात. गिरणीकामगार ज्या दाराला पाठ टेकून सुपारी कातरीत बसे, त्या दारापायी एक राज्य बुडाले होते. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन वाक्ये वेगवेगळ्या पानांवर असतात. सुताराच्या हाती ती एकाच ढलपीत येतात. असो. म्यानमारने २०१४ साली अख्खे ओंडके बाहेर पाठविणे बंद केले. हल्ली साग आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतूनही येतो. 'बर्मा' हा शब्द दुकानात अजून चालतो, पण पुष्कळदा तो केवळ भाव वाढविण्यापुरता.

या व्याख्यानासाठी म्हणून गेले चार महिने आम्ही एक उद्योग केला. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे सभासदांच्या बैठकी झाल्या की वर्गणीच्या पावत्या फाडून झाल्यावर विचारायचे, "मिस्त्री, तुम्हांला कुठल्या लाकडाचा वास आवडतो?" आधी सगळे हसतात. मग एक जण बोलतो आणि बैठक तासभर लांबते. आम्ही पगारवाढीवर बोललो तेव्हा इतकी लांबलेली नाही.

सहारनपूरकडचे एक कारागीर, त्या गावचे लाकडावरचे नक्षीकाम प्रसिद्धच आहे, शिसम म्हणाले. शिसमाचा भुसा पावसात भिजला की सगळी गल्ली वासाने भरायची आणि आई ओरडायची की भुसा आत घ्या, चुलीला लागतो. त्यांच्या शेजारी बसलेल्याने आंब्याचे नाव घेतले, पण ते नावडता म्हणून. "आंब्यावर मी रंधा मारीत नाही," तो म्हणाला, "वडिलांच्या चितेला आंबा होता." तो ओल्या आंब्याचा आंबूस वास आम्ही हजार वेळा घेतला असेल. त्या दिवसापासून आम्हांसही तो पहिल्यासारखा राहिला नाही.

आमच्या कोकणातल्या माणसाला फणस. वास सौम्य, गोडसर, पण रंधा चालला की हळदीसारखे पिवळेधमक छिलके पडतात, आणि वर्षे गेली की तेच लाकूड तांबूस तपकिरी होते. बोरिवलीचे एक मिस्त्री म्हणाले, घर विकले तेव्हा भावाने पैसे वाटून घेतले, मी माजघराचे फणसाचे दार मागून आणले. आता ते दहा बाय बाराच्या खोलीत कुठे बसवायचे म्हणून पलंगाची फळी करून टाकली. सावंतवाडीकडच्या एकाला लाकडाचा नव्हे तर लाखेचा वास आठवतो. तिकडे पांगाऱ्याची खेळणी चरकावर कातताना फिरत्या लाकडाला रंगीत लाख टेकवतात, ती तापून वितळते आणि चढते. वर्सोव्याला होड्या दुरुस्त करणारे एक वयस्क सुतार आहेत. त्यांना साग आणि माशाचे तेल हे दोन वास वेगळे काढताच येत नाहीत, कारण होडीच्या फळ्यांना ते तेल पाजण्याची चाल होती. हल्ली फायबरच्या होड्या आल्या. "त्यांना वास येतो तो दुकानाचा," असे ते म्हणतात.

एका बिहारी मुलाने मात्र आम्हांस निरुत्तर केले. वय बावीस, मुलुंडच्या इमारतींत स्वयंपाकघरांची कपाटे बसवितो. तो म्हणाला, "मला फेव्हिकॉलचा वास आवडतो." सगळे हसले. तो गंभीर होता. अखंड लाकडावर त्याने कधी रंधा चालविलेलाच नव्हता, हाती आले ते प्लायवुड आणि लॅमिनेट. डबा उघडला की त्याला मुंबईतला पहिला पगार आठवतो. त्याला हसण्याचा अधिकार आम्हांस आहे काय?

सरसाचा वास ज्यांनी घेतला आहे ते तर त्याला मुळीच हसणार नाहीत. पूर्वी सांधे जोडायचे ते सरसाने. जनावरांची कातडी आणि हाडे शिजवून केलेला तो पदार्थ, त्याच्या वड्या पाण्यात भिजत घालायच्या, डब्यात डबा ठेवून उकळायच्या आणि गरम आहे तोवर लावायच्या. साऱ्या कारखान्यात ओल्या कातड्याची दुर्गंधी सुटे. शाकाहारी सुतार नाकाला फडके बांधून जोडकाम करीत. बळवंत पारेख हे गृहस्थ तरुणपणी मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपाई होते. त्यांनी १९५९ साली थंडच लावायचा पांढरा गोंद बाजारात आणला, तो फेव्हिकॉल. त्यांच्या कंपनीची कचेरी आपल्या अंधेरीतच आहे. सुताराची सरसाच्या डब्यापासून सुटका झाली, याबद्दल संघटनेच्या माणसाने एका कारखानदाराचे आभार मानले तर बिघडत नाही. आम्ही नेहमी मानतो असे नाही.

वासाने माणूस इतका मागे कसा फेकला जातो, याचा उलगडा शास्त्रज्ञांनी बराचसा केला आहे. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते नाक वास कसा ओळखते या कामासाठी. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूत एका मधल्या ठाण्यावर थांबून पुढे जाते. वास तिथे न थांबता भावना आणि आठवणी यांच्या जागी थेट पोचतो. म्हणून तो मिस्त्री आधी डोळे पुसतो आणि मग सांगतो की लाकूड आंब्याचे आहे.

आता नवव्या पुडीकडे येऊ. तीत एमडीएफचा भुसा आहे. तो हातात घेतला तर भुशासारखा लागत नाही, पिठासारखा लागतो. म्हणून पुडी बंद आहे. रंध्याने छिलके निघत, ते पायाशी पडत. करवतीचा भुसाही जड. यांत्रिक करवत आणि सँडर आले तेव्हापासून लाकडाचे पीठ हवेत तरंगू लागले, आणि पाटांमध्ये जो गोंद असतो त्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो. नव्या कपाटाचे दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते त्याने. कित्येक घरमालक त्याला 'नव्या फर्निचरचा वास' म्हणून कौतुकाने घेतात.

इंग्लंडात हाय विकम नावाचे खुर्च्या बनविणाऱ्यांचे गाव आहे. तेथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आले की, नाकाच्या आतल्या एका फार दुर्मिळ कर्करोगाचे रोगी आपल्याकडे वारंवार येतात आणि ते फर्निचरचे कामगार असतात. त्यांचे आणि सहकाऱ्यांचे संशोधन १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. १९९५ साली कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणारी म्हणून नोंदविली, २००४ साली फॉर्मल्डिहाइडही त्याच वर्गात घातले. हा रोग विरळा आहे, येथे बसलेल्या कोणाही सुताराने आज रात्री झोप उडवून घेऊ नये. दमा, सर्दी, कातडीची खाज आणि चोंदलेले नाक मात्र विरळा नाही.

आमच्या जोगेश्वरीच्या मिस्त्रींना आम्ही तीन वर्षांपूर्वी भेटायला गेलो. काम सोडून ते मुलाकडे मालाडला राहतात. जाताना भेट म्हणून सागाची एक उत्तम ढलपी नेली होती. त्यांनी ती हातात घेतली, अंगठ्याने रेषा पाहिल्या, सवयीने वाफ सोडली आणि ढलपी आमच्या नाकाशी धरली. "कसा येतो, सांग." आम्हांस वाटले जुनी परीक्षा घेताहेत. आम्ही वर्णन करून सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला येत नाही रे." शेवटची काही वर्षे त्यांनी सँडरवर काढली होती. त्या दिवसांत ते सर्वांना सांगत, हल्लीच्या सागाला वासच राहिला नाही, लागवडीचा माल, दुसरे काय होणार. दोन वर्षे त्यांनी लाकडालाच दोष दिला. एके दिवशी शेगडीवर दूध करपून धूर झाला, सूनबाई धावत बाहेरून आल्या, आणि मिस्त्री शेजारच्या खुर्चीत पेपर वाचीत होते. तेव्हा कळले. डॉक्टरांनी नाकातले वाढलेले मांस काढले, वास परत आला नाही. हे धुळीनेच झाले असे डॉक्टरांनी लिहून दिलेले नाही आणि आम्हीही छातीठोकपणे म्हणत नाही.

त्यानंतर आम्ही अंधेरी पूर्वेच्या एका गाळ्यात धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राची मागणी केली. आठ माणसे, दोन सँडर, एक मोठी करवत. मालक म्हणाले, आठ माणसांचा कारखाना होत नाही. कायद्याने ते बरोबर होते. १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची अट होती. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत ती वीस आहे. धूळ मात्र माणसे मोजून नाकात शिरत नाही. आम्ही संघटनेच्या पैशांतून मास्क नेऊन दिले आणि त्यावर अर्धा तास भाषण केले. आठवड्याने गेलो तर आठही मास्क खिळ्यांना टांगलेले. आम्ही रागावलो. तेव्हा तिथले प्रमुख मिस्त्री शांतपणे म्हणाले, "भाऊ, हे लावले की लाकूड कळत नाही. शिसव जळायला लागले की आधी वास येतो, मग पाते थांबवतो. मास्क लावून लाकूड जाळले तर पगारातून कोण कापून घेईल?"

आम्ही त्याला आळस समजलो होतो. ते त्या माणसाचे कसब होते, आणि आम्ही ते त्याच्या तोंडावर फडके बांधून काढून घेत होतो. ज्या नाकाच्या रक्षणासाठी गेलो त्याच नाकाचे काम आम्हांस ठाऊक नव्हते, हे आमच्यासारख्या भुसा भरलेल्या माणसाला शोभले नाही. मग भाषण न करता बसलो. ठरले ते त्यांनीच ठरविले: माल आला की ढलपी काढून हुंगायची, हातरंध्यावर नाक मोकळे, यंत्राची कळ दाबली की मास्क. पात्याला धार महिन्याऐवजी पंधरवड्याने, म्हणजे लाकूड जळण्याचा प्रश्नच कमी. मालकांनी सँडरला धूळपिशव्या बसविल्या. मोठे यंत्र अजून आलेले नाही, त्याची मागणी चालू आहे.

आता आपल्याकडे. आपण बहुतेक जण घरमालक आहात. घरात फर्निचरचे काम निघते तेव्हा शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात, आणि मिस्त्री व त्यांची पोरे त्याच खोलीत कापतात, घासतात, गोंद लावतात, जेवतात आणि रात्री त्याच पाटांच्या शेजारी अंथरूण टाकतात. आपण वास उतरल्यावर, महिन्याने राहायला येता. पाट घेताना कमी वायू सोडणारा माल मागता येतो, तसा शिक्का मारलेला मिळतो, थोडा महाग पडतो. खिडकी उघडी ठेवायला काही पडत नाही. झोपायला दुसरी खोली बहुधा रिकामीच असते, तिथे नुकतीच फरशी पॉलिश केलेली असते एवढेच.

पुड्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेल्या दिसतात. आता त्या पुढे येऊ द्या. शिसवाची पुडी कोणाकडे तरी थांबली आहे, ती थांबतेच, तिचा गुलाबासारखा वास सोडवत नाही. पण आठही मोजून परत हव्यात, कारण उद्या रविवार आहे आणि त्या मालाडला न्यायच्या आहेत. मिस्त्री ढलप्या हातात घेतात, अंगठ्याने रेषा पाहून नाव सांगतात, आणि वास कसा आहे ते आम्ही सांगायचे असते. देवदार आणि चीड यांतला फरक सांगताना गेल्या खेपेस आमची फजिती झाली. आपल्यापैकी कोणाला तो चांगल्या शब्दांत सांगता आला, तर खाली उतरल्यावर आम्हांस जरूर सांगावा.